वीस टन ऊस आणि ताटाएवढे रबर

दसरा उलटला की बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, पुणे, अहिल्यानगरच्या दिशेने निघतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, चूल, शेळ्या, धान्याची पोती आणि त्यावर बायकापोरे. पुढे चार-पाच महिने याच ट्रॉल्या रात्रंदिवस उसाने भरून कारखान्याकडे धावतात. त्याच काळात वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानांवर ठरावीक बातम्या दिसू लागतात. ट्रॉली उलटून दुचाकीस्वार ठार, उभ्या ट्रॉलीला मागून धडकून दोघांचा मृत्यू, उतारावर ट्रॅक्टरचा ताबा सुटला. हंगाम संपला की बातम्या थांबतात आणि पुढच्या दसऱ्यानंतर पुन्हा सुरू होतात.

या अपघातांवर उपाय म्हणून दरवर्षी मोहिमा होतात. ट्रॉलीला रिफ्लेक्टर लावले जातात, मोठ्या आवाजात गाणी लावणाऱ्या चालकांवर कारवाई होते, कारखान्यांच्या गाडीअड्ड्यावर प्रबोधनाची शिबिरे घेतली जातात. हे सगळे गरजेचे आहे. पण रिफ्लेक्टर मागून येणाऱ्याला ट्रॉली दाखवतो. ती ट्रॉली वेळेवर थांबेल का, वळणावर सरळ राहील का, हे रिफ्लेक्टरच्या हातात नसते. ते ठरते टायरवर. आणि उसाच्या वाहतुकीत सगळ्यात कमी तपासली जाणारी वस्तू कोणती असेल, तर ती टायरच आहे.

कामाचा आवाका

महाराष्ट्रात गेल्या काही हंगामांत साडेआठशे ते तेराशे लाख टनांच्या दरम्यान ऊस गाळला गेला. हा सगळा ऊस शेतापासून कारखान्यापर्यंत रस्त्याने जातो. बैलगाडी, ट्रक, छोट्या ट्रॅक्टरला जोडलेली गाडी अशी साधने त्यात आहेत, पण मोठा भार ट्रॅक्टर आणि त्याच्या मागच्या दोन ट्रॉल्यांवर असतो. ट्रॅक्टर मुळात शेतात नांगर ओढण्यासाठी बनवलेले यंत्र. साधारण पन्नास अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन सव्वादोन-अडीच टन भरते. त्याच्या मागे दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास ऊस चढवला जातो. म्हणजे ओढणाऱ्यापेक्षा ओढला जाणारा भार आठ-नऊ पट. रस्त्यावरच्या दुसऱ्या कोणत्याही वाहनात हे प्रमाण इतके उलटे नसते.

त्यात आणखी एक गोष्ट. बहुतेक शेती-ट्रॉल्यांना स्वतःचे ब्रेक नसतात. ट्रॅक्टरलाही ब्रेक असतात ते फक्त मागच्या दोन चाकांना. त्यामुळे पंचवीस-सव्वीस टनांचा हा सगळा काफिला थांबवण्याची जबाबदारी ट्रॅक्टरच्या मागच्या दोन टायरांवर येऊन पडते.

शेतातला टायर, डांबरावर

ट्रॅक्टरच्या मागच्या टायरवर तिरप्या, उंच पट्ट्या असतात. नव्या टायरवर त्यांची उंची तीन सेंटिमीटरच्या आसपास असते. ओल्या मातीत त्या दातांसारख्या रुततात आणि नांगर ओढायला आधार देतात. डांबरी रस्त्यात मात्र रुतायला काही नसते. तिथे टायरचा रस्त्याला टेकणारा भाग म्हणजे फक्त या पट्ट्यांचे माथे. मधल्या खाचा हवेतच राहतात. एका टायरवर दीड टन भार असेल, तर रस्त्याला प्रत्यक्ष चिकटलेले रबर जेमतेम जेवणाच्या ताटाएवढे भरते. अशी दोन ताटे आणि त्यांच्या भरवशावर मागचे वीस टन.

दुसरी अडचण पट्ट्यांच्या उंचीची. उंच रबरी पट्टी डांबरावर ब्रेक लागताच वाकते, घासते, तापते. त्यामुळे शेतीचे टायर रस्त्यावर झपाट्याने झिजतात. झिजून पट्ट्या बुटक्या झाल्या की काही चालकांना उलट बरे वाटते, कारण हादरे कमी होतात आणि गाडी ‘मऊ’ चालते. पण झिजलेल्या टायरवर कारखान्याच्या रस्त्यावरचा चिखल, पाचट आणि सांडलेल्या उसाचा लगदा बाहेर ढकलायला खाचाच उरत नाहीत. कोरड्या दुपारी तो टायर चालून जातो. पहाटेच्या दवात किंवा अवकाळी पावसात घसरतो.

थांबायला किती जागा लागते?

एक ढोबळ गणित करून पाहता येते. ट्रॅक्टर सव्वादोन टनांचा, दोन रिकाम्या ट्रॉल्या मिळून चार टन आणि ऊस वीस टन, म्हणजे एकूण सुमारे सव्वीस टन. पहिल्या ट्रॉलीच्या दांडीचा भार धरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर तीन टन वजन आहे, असे समजू. वेग ताशी २५ किलोमीटर. चाके लोळताना होणारा अडथळाही थांबायला मदत करतो, तोही जमेस धरू.

ट्रॅक्टर एकटा असेल, तर ब्रेक लागल्यावर पाचेक मीटरमध्ये थांबतो. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या असतील, तर कोरड्या डांबरावर चांगल्या टायरनेही सुमारे पंचवीस मीटर लागतात. रस्ता ओला असेल तर सदतीस मीटर. टायर झिजलेले आणि रस्त्यावर चिखल किंवा लगदा असेल, तर पन्नास मीटर. ब्रेकवर पाय पडेपर्यंत जाणारा एक सेकंद आणि त्यातले सात मीटर यात धरलेलेच नाहीत. वेग २५ वरून ३५ केला की ही सगळी अंतरे जवळजवळ दुप्पट होतात, कारण थांबण्याचे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते.

आता हाच काफिला उतारावर आणू. शंभर फुटांना पाच फूट उतरणारा रस्ता फार तीव्र मानला जात नाही. गावोगावच्या ओढ्यांच्या पुलांकडे उतरणारे रस्ते असे असतात. या उतारावर सव्वीस टनांना गुरुत्वाकर्षण सव्वा टनाहून थोड्या जास्त जोराने खाली ओढते. ओल्या रस्त्यावर टायरची पकड आणि लोळण्याचा अडथळा मिळून पावणेदोन टनांच्या आसपास रोध मिळतो. थांबण्यासाठी शिल्लक उरते ती जेमतेम अर्ध्या टनाची. त्यामुळे थांबायला दीडशे मीटरहून जास्त अंतर लागते. झिजलेले टायर आणि चिखल असेल, तर शिल्लक काहीच उरत नाही. चालकाने ब्रेक पूर्ण दाबलेला असतो, चाके जाम झालेली असतात आणि तरीही गाडी खाली जातच राहते. अपघातानंतर अशा वेळी ‘ब्रेक निकामी झाले’ असे सांगितले जाते. पुष्कळदा ब्रेकने आपले काम केलेले असते. रस्ता धरणारे रबर कमी पडलेले असते.

उतारावर डिझेल वाचवण्यासाठी गाडी न्यूट्रल करण्याची सवय इथे जीवघेणी ठरते. गिअरमध्ये असताना इंजिन चाकांना सतत थोडे धरून ठेवते. न्यूट्रलमध्ये तो धरही सुटतो.

एकच पगार, दोन खर्च

टायरची पकड ही घरातल्या पगारासारखी असते. रक्कम ठरलेली. ब्रेक मारण्यासाठी जेवढी खर्च होते, तेवढी वळण्यासाठी कमी उरते. सरळ रस्त्यावर सगळी पकड थांबण्यासाठी वापरता येते. वळणावर मात्र त्यातला मोठा वाटा गाडीला वळणात धरून ठेवण्यात जातो. अशा वेळी जोरात ब्रेक मारला, तर मागची चाके घसरू लागतात आणि घसरणाऱ्या चाकाला कोणतीच दिशा उरत नाही. मागून बिनब्रेकच्या ट्रॉल्या ढकलतच असतात. मग ट्रॅक्टर आणि पहिली ट्रॉली हुकाच्या सांध्यात चाकूसारखी मिटतात. चालकाला सावरायला वेळ मिळत नाही.

टायरच्या बाजूच्या भिंतीचे महत्त्व इथे कळते. वळताना चाकाचे तोंड जिकडे असते, गाडी नेमकी तिकडेच जात नाही. रबर थोडे पिळवटते आणि चाक किंचित बाहेरच्या बाजूला सरकत जाते. हवा कमी असेल, भिंत मऊ किंवा तडकलेली असेल, तर ही पिळवटणूक वाढते. ट्रॉलीने बाजूला दिलेला प्रत्येक हिसका मग ट्रॅक्टरच्या मागच्या भागाला हलवतो आणि चालक स्टिअरिंगने तो भरून काढत राहतो. मागे दोन ट्रॉल्या असतील, तर पुढे झालेली लहानशी हालचाल शेवटच्या ट्रॉलीपर्यंत पोचताना वाढू शकते. वेग जितका जास्त, तितकी ही वाढ जास्त. हुकाच्या पिना झिजून ढिल्या झाल्या असतील, तर तिला आणखी वाव मिळतो. शेजारून ओलांडून जाणाऱ्या दुचाकीस्वाराला ट्रॉलीचे शेपूट अचानक अंगावर आल्यासारखे वाटते, त्याचे एक कारण हे आहे.

डाव्या-उजव्या टायरमधला फरकही तितकाच घातक. एका बाजूला नवा टायर, दुसऱ्या बाजूला गोटा झालेला. एका बाजूला रेडियल, दुसऱ्या बाजूला नायलॉन. एकात हवा बारा पौंड, दुसऱ्यात अठरा. ब्रेक लागताच दोन्ही चाके वेगवेगळी पकड देतात आणि ट्रॅक्टर एका बाजूला खेचला जातो. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकासाठी वेगळे ब्रेक पेडल असतात. शेतात जागच्या जागी वळण्यासाठी ते उपयोगी. रस्त्यावर दोन्ही पेडल खिट्टीने जोडून ठेवावे लागतात. खिट्टी लावली, पण टायर विजोड ठेवले, तर तोच धोका मागच्या दाराने परत येतो.

चांगला टायर, नवा धोका

मग मागे नवे, जास्त पकड देणारे टायर घातले की प्रश्न सुटला का? नाही. टायरच्या निवडीत हीच गोष्ट फसवी आहे. चढावर जड ट्रॉली ओढताना इंजिनची ताकद मागच्या चाकांना फिरवू पाहते. टायर गुळगुळीत असेल तर चाक जागेवर फिरते आणि गाडी पुढे जात नाही. टायरने जमीन घट्ट धरली आणि ट्रॉली हलेनाशी झाली, तर तीच ताकद ट्रॅक्टरचे नाक वर उचलते. पुढची चाके हवेत असलेल्या ट्रॅक्टरची दृश्ये ऊसपट्ट्यात नवी नाहीत. कधी त्यांचे कौतुक होते, चित्रफिती फिरतात. पण पुढची चाके पूर्ण उचलली जाण्याची वाट पाहायची गरज नसते. त्यांच्यावरचा भार कमी झाला की स्टिअरिंग फिरते आणि गाडी वळत नाही.

म्हणून ट्रॅक्टर जोडणीचा सर्वमान्य नियम असा, की ट्रॅक्टरच्या वजनाच्या किमान पाचवा हिस्सा पुढच्या आसावर राहायलाच हवा. तो राखण्यासाठी पुढे कंपनीची लोखंडी वजने लावता येतात. हूक शक्य तितका खाली ठेवावा लागतो, कारण तो जितका उंच, तितकी नाक उचलण्याची ओढ जास्त. ट्रॉलीत ऊस मागे जास्त आणि पुढे कमी असा भरला, तर दांडी वर उचलते आणि ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवरचा भार कमी होतो. पुढे फार जास्त भरला, तर हुकावर भार येऊन पुढची चाके हलकी होतात. मागच्या टायरमध्ये पाणी भरण्याची रीतही याच हिशेबातली आहे. त्याने चाकावरचे वजन आणि पकड वाढते. पण फक्त मागे पाणी भरले आणि पुढे काहीच केले नाही, तर तोल आणखी मागे झुकतो. पुढचे टायर सहसा सर्वांत शेवटी बदलले जातात. त्यांच्यावरच्या गोल कडा झिजल्या, की चिखलात चाक वळलेले दिसते आणि ट्रॅक्टर सरळ जात राहतो.

ट्रॉलीचे टायर: सहा महिने उन्हात

ट्रॉलीच्या टायरची गोष्ट वेगळी. हंगाम संपला की ट्रॉली शेताच्या कडेला किंवा घरामागे उभी केली जाते. पुढचे सहा-सात महिने ऊन, पाऊस आणि स्वतःचे वजन एकाच जागी सोसत टायर पडून राहतात. हवा हळूहळू उतरते. उन्हाने आणि हवेतल्या ओझोनने रबर कडक होते, भिंतीला बारीक तडे जातात. वरची नक्षी शाबूत असल्याने टायर चांगला दिसतो. हंगाम सुरू झाला की हवा भरून तोच टायर लांबच्या प्रवासाला निघतो. टोळीचा संसार आणि माणसे घेऊन शेकडो किलोमीटर येणारी ट्रॉली बहुधा अशाच टायरवर चालत असते.

टायरचे वय ओळखणे अवघड नाही. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, शेवटचे दोन वर्षाचे. ‘२३१९’ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. तिथेच तो किती भार सोसू शकतो आणि किती वेगासाठी बनवला आहे, हेही लिहिलेले असते. शेतीच्या टायरवर ‘ए६’ असेल, तर ताशी ३० आणि ‘ए८’ असेल, तर ताशी ४० किलोमीटर ही मर्यादा. रिकामी ट्रॉली घेऊन परतताना ताशी ४० ओलांडणारे ट्रॅक्टर काही दुर्मीळ नाहीत.

भाराचा हिशेब आणखी सोपा. दोन चाकांच्या एका ट्रॉलीत दहा टन ऊस भरला आणि ट्रॉलीचे वजन दोन टन असेल, तर हुकावरचा भार वजा करूनही एकेका टायरवर पाच टनांच्या आसपास येतात. ट्रॉलीसाठी सर्रास वापरला जाणारा ९.००-१६ मापाचा टायर इतक्या भारासाठी बनवलेलाच नसतो. भार जास्त आणि हवा कमी असली की प्रत्येक फेऱ्यात भिंत जास्त वाकते आणि आतून तापते. रबर आणि आतले धागे सुटू लागतात. मग टायर फुटतो. रिमोल्ड टायर नीट केलेला असेल आणि त्याचे मूळ कवच शाबूत असेल, तर तो सरसकट वाईट म्हणता येत नाही. पण जुन्या, तडकलेल्या कवचावर नवे रबर चढवले, तर दिसतो नवा आणि आत राहतो जुनाच.

टायर फुटल्यावर दोन गोष्टी होतात. पहिली, ट्रॉली त्या बाजूला कलते. उसाची रास उंच असते. भाराचा मध्य जमिनीपासून दोन मीटरवर आणि दोन चाकांमधले अंतर पावणेदोन मीटर असेल, तर तोल आधीच नाजूक असतो. खचलेल्या साइडपट्टीवर एक चाक वीतभर खाली गेले किंवा एका बाजूचा टायर बसला, की तोल त्या बाजूला पाव मीटरच्या आसपास सरकतो. त्यात वळण किंवा खड्डा आला, की ट्रॉली उलटते. ऊस शेजारून जाणाऱ्यांच्या अंगावर पडतो.

दुसरी गोष्ट लगेच दिसत नाही. फुटलेल्या टायरची ट्रॉली रस्त्यातच उभी राहते. भरलेली ट्रॉली जॅक लावून उचलणे सोपे नसते. पुष्कळदा स्टेपनी नसते, ती आणायला चालक गावात जातो. रात्रीचा अंधार, मागे दिवा नाही, दगड लावून ठेवलेली ट्रॉली निम्मा रस्ता अडवून तासन्‌तास उभी. मागून ताशी पन्नास-साठच्या वेगाने येणारा दुचाकीस्वार हेल्मेटशिवाय तिच्यावर आदळतो. उसाच्या टोकदार मोळ्या थेट डोक्याच्या आणि छातीच्या उंचीवर बाहेर आलेल्या असतात. ग्रामीण भागात डोक्याला मार लागलेल्या रुग्णाला मेंदूच्या शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोचायला लागणारा वेळच पुष्कळदा जीव घेतो. पोलिसांच्या नोंदीत हा ‘उभ्या वाहनाला धडक’ असा अपघात असतो. त्याची सुरुवात टायरपासून झाली होती, हे कुठेच लिहिले जात नाही.

चालकाचा मणका

टायरचा आणखी एक परिणाम चालकाच्या शरीरावर होतो. बहुतेक ट्रॅक्टरना मागच्या आसावर स्प्रिंग नसते. रस्त्याचा धक्का शोषून घेणारी वस्तू म्हणजे टायर आणि बसायची गादी, बस्स. भार झेपावा म्हणून मागच्या टायरमध्ये मर्यादेपेक्षा जास्त हवा भरली, की तो दगडासारखा होतो. बसलेल्या माणसाचा मणका सेकंदाला साधारण चार ते सहा कंपनांना सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि ट्रॅक्टरचे हादरे त्याच पट्ट्याच्या जवळपास असतात. दिवसाकाठी बारा-चौदा तास हे हादरे सोसणाऱ्या चालकाला कंबरदुखी होते, ती फक्त म्हातारपणाची नसते. कारखान्यावर नंबर लागेपर्यंत रात्रभर जागणे आणि त्यात हे हादरे, यांनी येणारा शीण ब्रेकवर पाय पडायला लागणारा तो एक सेकंद लांबवतो.

कमी हवेने टायर तापतो आणि डोलतो. जास्त हवेने टेकणारा भाग कमी होतो आणि मणका भरतो. मागच्या टायरमध्ये शेतकामाला बारा-चौदा पौंड, तर रस्त्यावरच्या वाहतुकीला अठरा-वीस पौंडांच्या आसपास हवा लागते. नेमका आकडा टायर कंपनीच्या तक्त्यात त्या मापासमोर आणि भारासमोर दिलेला असतो. तो हाताने दाबून किंवा हातोडी मारून कळत नाही. त्यासाठी गेज लागतो.

नियम कुठे थांबतात?

केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार दुचाकी-तीनचाकी वगळता इतर वाहनांच्या टायरवरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर खोल असावी लागते. मोटारीसाठी हा आकडा ठीक आहे. ज्या टायरच्या पट्ट्या मुळात तीन सेंटिमीटर उंच असतात, त्याच्या बाबतीत १.६ मिलिमीटर म्हणजे टायर केव्हाच संपलेला असतो. २०२२ मध्ये केंद्र सरकारने टायरची ओल्या रस्त्यावरची पकड, लोळण्याचा अडथळा आणि आवाज यांची मानके लागू केली. ती मोटारी, हलकी व्यापारी वाहने आणि ट्रक-बस यांच्या टायरसाठी आहेत. शेतीचे टायर त्या वर्गांत येत नाहीत. शेतीसाठी बनवलेला टायर शेतात राहील, असे नियम गृहीत धरतात. उसाच्या हंगामात तो महामार्गावर असतो.

२०२२ या एका वर्षात देशातल्या रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली, त्यातली पंधरा हजारांच्या आसपास महाराष्ट्रातली. या आकड्यांत टायर हे कारण क्वचितच वेगळे दिसते. जे मोजले जात नाही, त्यासाठी पैसा आणि माणसे दिली जात नाहीत.

खर्च कुणाचा?

दोष एकट्या चालकावर किंवा वाहतूकदारावर टाकणे सोपे आहे. पण वाहतूकदार पुष्कळदा स्वतः छोटा शेतकरी असतो. ट्रॅक्टर कर्जावर घेतलेला, मुकादमाला टोळीसाठी उचल दिलेली. त्याला पैसे मिळतात ते टनावर आणि अंतरावर. खेपा जास्त आणि प्रत्येक खेपेत ऊस जास्त, तेवढीच कमाई. टायरची नवी जोडी म्हणजे हजारो रुपये आणि त्यातून उत्पन्नात एक रुपयाही वाढत नाही. जुना टायर आणखी एक हंगाम ‘काढला’ तर तेवढा नफा. या गणितात टायर झिजतात ते नाइलाजाने.

मात्र या साखळीत एक जागा अशी आहे, जिथून प्रत्येक ट्रॉली दररोज जाते. कारखान्याचा वजनकाटा. तिथे उसाचा किलो-किलोचा हिशेब होतो. त्याच ठिकाणी ट्रॉलीच्या टायरवर लिहिलेली भारक्षमता आणि काट्यावरचे वजन शेजारी ठेवणे कठीण नाही. हंगामापूर्वी कारखाने वाहतूकदारांशी करार करतात. त्या करारावेळीच टायरचे वय, तडे, डाव्या-उजव्या जोडीचा मेळ, हवा, हुकाची पिन, ब्रेक पेडलची खिट्टी आणि पुढची वजने तपासता येतील. गाडीअड्ड्यावर हवेचा कॉम्प्रेसर, गेज आणि चार स्टेपन्या ठेवणे हा कारखान्याच्या उलाढालीत न दिसणारा खर्च आहे. टायर फुटल्याचे कळताच जॅक आणि दिवा घेऊन जाणारी एक गाडी हंगामभर फिरती ठेवली, तर रस्त्यात उभ्या राहणाऱ्या ट्रॉल्यांची संख्या कमी होईल. साखर आयुक्तालय दरवर्षी गाळप परवाना देते. रिफ्लेक्टरप्रमाणेच टायर तपासणीचा दाखला त्या परवान्याशी जोडता येईल. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक बसवणे हा खरा लांबचा उपाय आहे, कारण तेव्हा सव्वीस टन थांबवायला दोन ताटांऐवजी सगळी चाके कामाला लागतील. ते होईपर्यंत पहिला बचाव टायरचाच.

रस्त्यावरच्या इतरांनाही या गणितातून काही घेता येते. भरलेल्या ट्रॉलीच्या पुढे घुसून अचानक ब्रेक मारू नये. ट्रॅक्टरचा चालक कितीही सावध असला, तरी पंचवीस मीटरच्या आत तो थांबू शकत नाही. वळणावर ट्रॉलीच्या आतल्या बाजूने दुचाकी घालू नये, कारण दुसरी ट्रॉली पहिलीपेक्षा आत कापत येते. आणि रात्री ऊसपट्ट्यातून जाताना पुढच्या अंधारात एखादी ट्रॉली पंक्चर होऊन उभी असेल, हे गृहीत धरूनच वेग ठेवावा.

येत्या हंगामातही ट्रॉल्यांवर चकचकीत रिफ्लेक्टर लागतील. ते लावणाऱ्याने खाली वाकून दोन मिनिटे टायरकडे पाहिले, त्यावरचे चार आकडे वाचले, बोटाने तडे चाचपले आणि गेज लावला, तरी काही घरांतली माणसे संध्याकाळी परत येतील.